चलान आलं, समन्स आलं, आता पुढे काय? नाशिकमध्ये नव्याने गाडी चालवणाऱ्यांसाठी

सातपूर-अंबडला नव्याने नोकरीला लागलेली मुलं, कॉलेज रोडला रूम करून राहणारे विद्यार्थी, बदलीवर आलेली कुटुंबं, या सगळ्यांना नाशिकमध्ये दुचाकी लागतेच, आणि कधी ना कधी मोबाइलवर ई-चलानही येतंच. मग कंपनीतले, शेजारचे, टपरीवरचे सगळे एकच सांगतात: "भरू नको रे, सहा महिने गेले की आपोआप रद्द होतं." कुणी दोन वर्षं सांगतं. या सांगण्यात कायद्याचा एक खरा धागा आहे, पण तो अर्धाच लोकांपर्यंत पोचलाय. त्याच्या भरवशावर बसलेल्या माणसाला पुढे समन्स येतं, तेही तो बाजूला टाकतो आणि पाचशे-हजाराच्या प्रकरणात वॉरंट निघतं. असं कुणाचंही होऊ नये म्हणून चलान आल्या दिवसापासून खटला संपेपर्यंतच्या पायऱ्या इथे मांडतोय. मुदतींचा भाग मुद्दाम सविस्तर लिहिलाय, कारण सगळा घोळ तिथेच होतो.

पहिली पायरी: चलान खरं आहे का?

मेसेजमधल्या लिंकवर बोट ठेवू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर चलानच्या नावाने एपीके फाइल आली तर ती शंभर टक्के फसवणूक आहे. ती उघडली की बँकेचे ओटीपी चोरांच्या हातात जातात. चलान तपासायचं ते महाराष्ट्र पोलिसांच्या महाट्रॅफिक अ‍ॅपवर किंवा त्यांच्या अधिकृत ई-चलान पोर्टलवर. पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे ना, एवढं बघा. गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे आकडे टाकले की त्या गाडीवरची सगळी चलानं दिसतात.

मग फोटो उघडा आणि मोठा करून बघा. नंबर प्लेटवरचा ३ आणि ८, किंवा १ आणि ७, यांची गल्लत झालीय का? गाडीचं मॉडेल, रंग तुमचाच आहे का? ठिकाण आणि वेळ जुळते का? तुमची स्कूटर काळी आणि फोटोतली पांढरी असेल तर तुमचा निम्मा बचाव त्या फोटोतच आहे. स्क्रीनशॉट लगेच काढून ठेवा.

गाडी विकून टाकलीय आणि तरी चलान तुमच्या नावावर येतंय, ही तक्रारही खूप ऐकू येते. कागदोपत्री नाव बदलेपर्यंत कायद्याच्या नजरेत मालक तुम्हीच असता. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. आपलं आरटीओ पेठ रोडला आहे. एजंटच्या शब्दावर न राहता नोंद झाली की नाही ते स्वतः बघा.

दुसरी पायरी: कलम वाचा, रक्कम नंतर

बहुतेक जण चलानवरचा आकडा बघतात आणि कलम वाचतच नाहीत. पुढचं सगळं मात्र कलमावर ठरतं: जागेवर मिटेल की कोर्टात जावं लागेल, लायसन्सला धक्का लागेल का, खटला दाखल करायला पोलिसांकडे किती अवधी आहे.

हेल्मेट नसणं कलम १९४ड मध्ये येतं. शिक्षा एक हजार रुपये दंड आणि शिवाय तीन महिन्यांसाठी लायसन्स अपात्र. ट्रिपल सीटलाही १९४क खाली तेच. सीटबेल्ट नसेल तर १९४ब, एक हजार रुपये. नो-पार्किंगसारख्या साध्या चुका कलम १७७ मध्ये पडतात: पहिल्यांदा पाचशेपर्यंत, पुन्हा केलं तर दीड हजारापर्यंत. लायसन्सशिवाय गाडी चालवणं म्हणजे कलम १८१, पाच हजार रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. विमा नसेल तर कलम १९६. चलानवरची रक्कम याहून वेगळी दिसू शकते, कारण तडजोडीच्या, म्हणजे कोर्टात न जाता पैसे भरून मिटवण्याच्या, रकमा राज्य सरकार ठरवतं. महाराष्ट्राने त्या डिसेंबर २०२१ मध्ये वाढवल्या.

या जागेवरच्या मिटवण्याला कायद्यात तडजोड म्हणतात, कलम २००. ती सगळ्या गुन्ह्यांत होत नाही. दारू पिऊन गाडी चालवणं, कलम १८५, थेट कोर्टात जातं: पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. धोकादायक ड्रायव्हिंगच्या कलम १८४ मध्ये तडजोड फक्त हातात मोबाइल धरण्यापुरती आहे. उलट दिशेने गाडी घालणं, सिग्नल तोडणं यावर १८४ लागलं तर ते पोर्टलवर मिटण्यासारखं नाही. मेहेर सिग्नलला किंवा एबीबी सर्कलला घाईत लाल दिवा ओलांडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

अल्पवयीन मुलाच्या हातात गाडी दिली तर प्रकरण किरकोळ राहतच नाही. कलम १९९अ खाली पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. क्लासला जायला दहावीच्या पोराला ॲक्टिव्हा देणाऱ्या आईबाबांनी हे वाक्य पुन्हा वाचावं, ही कळकळीची विनंती.

तिसरी पायरी: भरायचं की लढायचं

चूक तुमची असेल तर भरून टाका. तडजोड झाली की त्या गुन्ह्यावर पुढे खटला चालत नाही. पण कलम २०० मध्येच आणखी दोन गोष्टी लिहिल्यात, त्या फारशा कुणी सांगत नाही. भरलेलं चलान पुढच्या वेळी "पहिला गुन्हा" म्हणूनच मोजलं जातं, म्हणजे तीच चूक पुन्हा केली की वाढीव दंड. आणि पैसे भरले म्हणून लायसन्स निलंबनाची कारवाई थांबत नाही. हेल्मेट, ट्रिपल सीट, अतिवेग यांत पोलिस लायसन्स आरटीओकडे पाठवू शकतात.

चूक तुमची नसेल तर मात्र भरू नका. पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि वाहतूक शाखेतही लेखी अर्ज देऊन पोच घ्या. चलानवर आक्षेपाची मुदत दिली असेल तर ती आधी वहीत लिहा, कारण या नियमांत अधूनमधून बदल होतात. अर्जाला पुरावा जोडा: त्या वेळी तुम्ही कंपनीत होता याची हजेरी, गाडी सर्व्हिसिंगला होती याचं जॉबकार्ड, जागेवर नो-पार्किंगचा फलक नव्हता याचा फोटो. सिंहस्थ जवळ येतोय तसतसे एकेरी मार्ग आणि पार्किंगचे हुकूम बदलत राहतील. अशा वेळी फलकाचा फोटो फार कामाला येतो.

गाडी दुसरं कुणी चालवत असेल तर कलम १३३ प्रमाणे पोलिसांनी विचारल्यावर चालकाचं नाव-पत्ता देणं मालकाचं काम आहे. मित्राला वाचवायला चालकाचं नाव दडवलं तर मालक स्वतःच अडकतो.

लोकअदालतीची नोटीस

वर्षातून साधारण चार वेळा राष्ट्रीय लोकअदालत भरते आणि थकीत चलानांच्या नोटिसा मोबाइलवर येतात. ही नोटीस म्हणजे समन्स नव्हे. गेला नाहीत तर वॉरंट निघत नाही. पण जाण्यात फायदा आहे, कारण एका बैठकीत अनेक चलानं मिटू शकतात. "लोकअदालतीत पन्नास टक्के माफ" असे मेसेज फिरतात, त्यावर विसंबू नका. सवलत असलीच तर त्या वेळच्या अधिकृत सूचनेत असते. लोकअदालत कुणाला दोषी किंवा निर्दोष ठरवत नाही. दोघांचं जमलं तर निवाडा, नाही जमलं तर प्रकरण परत कोर्टात. निवाडा झाला की त्यावर अपील नाही, म्हणून "चूक माझी नाही" म्हणणाऱ्याने तिथे सही करण्याआधी विचार करावा.

समन्स आलं तर

आता हे प्रकरण कोर्टात नोंदलं गेलंय. समन्सवर तीन गोष्टी शोधा: न्यायालयाचं नाव, केस नंबर, तारीख. जिल्हा न्यायालय जुन्या आग्रा रोडला, सीबीएस बसस्थानकाजवळ आहे. नाशिकरोडचं न्यायालय वेगळं. चुकीच्या ठिकाणी उभं राहून तारीख चुकवणारे असतात, म्हणून ठिकाण आदल्या दिवशीच पक्कं करा. समन्स इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही बजावता येतं. खरं आहे की नाही ते ई-कोर्ट्स सर्व्हिसेस अ‍ॅपवर केस नंबर किंवा सोळा अक्षर-अंकी सीएनआर नंबर टाकून बघा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम २०८ मध्ये सामान्य माणसासाठी एक सोय आहे. ज्या गुन्ह्याला फक्त दंड आहे त्यात समन्सवरच लिहावं लागतं की तुम्ही स्वतः या, वकिलामार्फत या, किंवा ठरलेल्या तारखेआधी गुन्हा कबूल करून नमूद रक्कम मनीऑर्डरने पाठवा. रक्कम आणि कबुली वेळेत पोचली की पुढची कारवाई थांबते. समन्सची मागची बाजूही वाचत जा.

पण कोर्टातली कबुली आणि पोर्टलवरची तडजोड यांत फरक आहे. कोर्टात "गुन्हा कबूल" म्हटलं की दोषसिद्धी नोंदली जाते. सरकारी नोकरीचा किंवा पासपोर्टचा फॉर्म भरणाऱ्यांनी आधी वकिलाला विचारावं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय कोर्टाच्या आवारातच आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क कायद्याने दिलाय. सातपूर-अंबडच्या कामगारांपैकी किती जणांना हे ठाऊक आहे? हेल्पलाइन १५१००.

कोर्टातला दिवस

साडेदहापर्यंत पोचा. गाडी आणण्यापेक्षा सिटीलिंकने, म्हणजे शहर बसने, सीबीएसला उतरणं सोपं. दालनाबाहेर त्या दिवसाचा बोर्ड लावलेला असतो. त्यात आपला नंबर शोधा आणि कोर्ट सुरू होण्याआधी आत लिपिकाला हजर असल्याचं सांगा. मग शिपाई पुकारा करतो. पुकाऱ्याच्या वेळी तुम्ही बाहेर चहा घेत असाल तर रोजनाम्यात, म्हणजे खटल्याच्या तारखेनिहाय नोंदीत, "आरोपी गैरहजर" असं लिहिलं जातं, आणि ती एक ओळ पुढे फार महाग पडते.

किरकोळ प्रकरणं संक्षिप्त पद्धतीने चालतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ही पद्धत कलम २८३ पासून पुढे आहे. न्यायाधीश आरोप समजावून सांगतात आणि विचारतात, गुन्हा कबूल आहे का? कबूल असेल तर दंड सांगितला जातो, तो नाझरकडे, म्हणजे कोर्टात पैसे घेणाऱ्या अधिकाऱ्याकडे, भरायचा आणि पावती घ्यायची. कबूल नसेल तर स्पष्ट शब्दांत "कबूल नाही" म्हणा. मग साक्षीपुरावा होतो. कॅमेऱ्याचा फोटो पुराव्यात आणायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. ते जोडलंय का, हे तुमच्या वकिलाने विचारलंच पाहिजे.

येणं शक्यच नसेल तर वकिलामार्फत हजेरी माफीचा अर्ज द्या. न सांगता गैरहजर राहू नका.

मुदत आणि दिरंगाई: दोन वेगळी घड्याळं

आता त्या "सहा महिन्यां"कडे येऊ. एक घड्याळ खटला दाखल होण्याआधी चालतं, दुसरं दाखल झाल्यावर.

पहिलं घड्याळ म्हणजे मुदतीचा कायदा. संहितेच्या कलम ५१४ प्रमाणे ज्या गुन्ह्याला फक्त दंड आहे त्याची दखल कोर्टाने सहा महिन्यांनंतर घ्यायची नाही. एक वर्षापर्यंत कैद असलेल्या गुन्ह्याला मुदत एक वर्ष, तीन वर्षांपर्यंत कैद असेल तर तीन वर्षं. मोजताना प्रकरण कोर्टात दाखल झाल्याची तारीख धरतात.

समजा, १० जानेवारीला द्वारका चौकात तुमचं हेल्मेटचं चलान झालं. १९४ड ला फक्त दंड आहे, म्हणून मुदत सहा महिने. पोलिसांनी प्रकरण मे महिन्यात कोर्टात दिलं तर ते मुदतीत आहे, मग तुम्हाला समन्स दिवाळीत मिळालं तरी. प्रकरण सप्टेंबरमध्ये दिलं असेल तर ते मुदतीबाहेर आहे, आणि हा आक्षेप तुम्ही पहिल्याच तारखेला घ्यायचा. सरकारी पक्ष कलम ५१९ खाली उशीर माफ करा म्हणू शकतो. तेव्हा उशिराचं समाधानकारक कारण आहे का, किंवा न्यायासाठी ते आवश्यक आहे का, हे कोर्ट तपासतं. चलानवर १८४ लावलेलं असेल तर सहा महिन्यांचा हिशेबच लागू नाही, कारण त्यात एक वर्षापर्यंत कैद आहे. कलम आधी वाचा म्हणालो ते यासाठी. आणि मुदत उलटली म्हणून पोर्टलवरची नोंद कुणी पुसत नाही. ती तशीच दिसत राहते आणि गाडीच्या कागदपत्रांच्या कामात आडवी येऊ शकते.

दुसरं घड्याळ जलद सुनावणीच्या हक्काचं. हा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ मधून येतो. १९७९ मध्ये हुसैनआरा खातून प्रकरणात, बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षं खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांच्या निमित्ताने, सर्वोच्च न्यायालयाने तो स्पष्ट केला. आपले माजी मुख्यमंत्री अंतुले यांच्या खटल्यात १९९१ साली पाच न्यायमूर्तींनी त्याची कसोटी सांगितली: वर्षांचा ठरलेला आकडा नाही, पण गुन्ह्याचं स्वरूप, उशिराची कारणं, कोर्टावरचा भार आणि उशीर कुणामुळे झाला, हे सगळं पाहायचं. पुढे १९९६ च्या कॉमन कॉज निकालात ठरावीक काळ रखडलेले किरकोळ खटले बंद करण्याचे निर्देश आले. टपरीवरच्या "दोन वर्षां"चं मूळ बहुधा इथेच असावं. पण २००२ मध्ये पी. रामचंद्र राव खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने अशा सरसकट मुदती घालता येणार नाहीत असं सांगितलं आणि अंतुले निकालाची कसोटी कायम ठेवली. म्हणजे दोन वर्षं झाली म्हणून खटला आपोआप संपतो, हे आज खरं नाही.

मग हातात काय उरतं? बरंच. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४६ प्रमाणे कोर्टाने विनाकारण तारखा द्यायच्या नाहीत. पक्षकाराच्या आवाक्याबाहेरचं कारण असलं तरी दोनपेक्षा जास्त तहकुबी नाही. शिवाय फिर्यादीवरून नव्हे तर अन्य मार्गाने सुरू झालेल्या समन्स खटल्यात, म्हणजे कमी शिक्षेच्या लहान खटल्यात, कलम २८१ खाली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी कारणं नोंदवून कामकाज थांबवू शकतात. रामचंद्र राव निकालानेही अशाच अधिकारांचा वापर करा, असं खालच्या कोर्टांना सांगितलंय. पण मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि मागणाऱ्याचा स्वतःचा रोजनामा स्वच्छ लागतो. चार तारखांना तुम्हीच गैरहजर असाल तर दिरंगाईची तक्रार तुमच्या तोंडी टिकणार नाही.

अर्ज मराठीत चालतो. मजकूर साधारण असा: "मे. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी सो., नाशिक यांचे कोर्टात. सदर खटला दिनांक अमुकपासून प्रलंबित आहे. आरोपी प्रत्येक तारखेस हजर राहिला असून सरकार पक्षाने अद्याप एकही साक्षीदार हजर केलेला नाही. गुन्हा केवळ दंडास पात्र आहे. तरी सुनावणी त्वरित घ्यावी अथवा कामकाज थांबविण्याचा आदेश व्हावा, ही विनंती." सोबत ई-कोर्ट्सवरचा तारखांचा तक्ता छापून जोडा. कोण कधी गैरहजर होतं ते त्यात तारीखवार दिसतं.

निकालानंतर

दंड भरला असो वा सुटका झाली असो, आदेशाची प्रमाणित प्रत मागून घ्या. काही दिवसांनी पोर्टलवर चलानची स्थिती बघा. अजून थकीत दिसत असेल तर प्रत आणि पावती घेऊन वाहतूक शाखेत जा. हेल्मेट किंवा ट्रिपल सीटचं प्रकरण असेल तर परिवहन पोर्टलवर लायसन्सही तपासा. ते निलंबित असताना गाडी चालवली तर नवा गुन्हा, तोही कैदेचा. निलंबनाचा काळ संपेपर्यंत कामावर जायला सिटीलिंकचा पास काढा.